पौषातल्या अक्षता

पौष महिन्यात मंगल कार्यालयाच्या मालकिणीइतकं रिकामं माणूस दुसरं नसतं. लग्नाला मुहूर्त नाही, साखरपुडा कुणी काढत नाही, आणि बारशाला लोक घरची गच्ची वापरतात. त्या महिन्यात मी गाद्यांना ऊन दाखवते, समया चिंचेनं घासते आणि उरलेल्या वेळात नवऱ्याशी भांडते. आमचं कार्यालय भांडगावात, सोलापूर रस्त्याला लागून आहे. मी मूळची न्हावऱ्याची. शेतात कांद्याची पात काटताना बायका दिवसभर बोलत असतात, त्यातच मी वाढले, त्यामुळे गप्प बसायची कला मला कुणी शिकवलीच नाही. माझे सासरे, म्हणजे आप्पा, म्हणतात की हिच्या माहेरानं हिला भांडी कमी दिली आणि तोंड जास्त.

कार्यालय आप्पांनीच बांधलं. रस्त्याकडेचा मुरमाड तुकडा होता, त्यात मटकीसुद्धा धड यायची नाही. तिथं त्यांनी हॉल उभा केला आणि तो चालवायला माझ्या हातात दिला. तो मी चालवला, आणि चांगला चालवला. एकेका वैशाखात मला पाठ टेकायला वेळ मिळत नसे. कुठल्या गावाला आमटीत गूळ लागतो, कुठल्या भावकीत कुणाशेजारी कुणाला बसवायचं नाही, हे मला तोंडपाठ होतं. आणि मग त्याच हॉलमध्ये माझ्या स्वतःच्या मुलीचं लग्न मोडलं.

ते मोडलं फेट्यावरून. अंतरपाट धरला होता, अक्षता वाटून झाल्या होत्या. तेवढ्यात कळलं की मानाचा पहिला फेटा नवरदेवाच्या धाकट्या चुलत्याला बांधला गेला आणि थोरला रुसून गाडीत जाऊन बसलाय. समजूत काढायला चार माणसं गेली ती स्वतःच भांडत परत आली. फेट्यावरून गोष्ट आमच्या जेवणावर आली, जेवणावरून पाहुणचारावर, आणि शेवटी नवरदेवाची आत्या म्हणाली, "आन् त्ये तुणतुणं माहेरातच ठिवायचं बरं का, आमच्याकडं चालायचं न्हाई." तुणतुणं म्हणजे माझ्या मुलीचा व्हायोला. व्हायोलिनचा थोरला भाऊ म्हणा, आवाज जरा घोगरा. एवढं सगळं होईपर्यंत नवरदेव अंतरपाटामागं मोबाईल बघत उभा होता. माझी मुलगी त्याची वाट बघत राहिली, की हा आता तरी काही बोलेल. तो बोलला नाही. तेव्हा ती मला म्हणाली, "आई, मी पाटावरून उतरते." आणि उतरली.

तिच्या उतरण्याचं मला तेव्हाही वाईट वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. वाईट वाटलं ते नंतरचं बघून. आमच्याकडं एक साधा नेम आहे, हातात अक्षता पडल्या की त्या टाकल्याशिवाय माणूस जागचा उठत नाही. मग तहान लागो, पोर रडो, नाहीतर बाहेर गाडीचा हॉर्न वाजो. त्या दिवशी मात्र सगळा हॉल अक्षता हातात घेऊन उठला. त्यांचं करायचं काय, हे कुणालाच कळेना. कुणी कुंडीत टाकल्या, कुणी खुर्चीवर ठेवल्या. आप्पा तर मूठ मिटून तसेच घरापर्यंत चालत गेले.

"त्या हॉलात अक्षता हातातच राहत्यात," असं पुढं लोक बोलायला लागले. एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाता जाता हे पार दौंडपासून शिरूरपर्यंत पोचलं. बुकिंग थांबलं. रस्त्याच्या पुढच्या अंगाला कारंजीवाली लॉन्स निघाली, लोक तिकडं वळले. आप्पांनी त्या दिवसानंतर हॉलच्या पायरीवर पाऊल ठेवलं नाही. पशुखाद्याचा एक व्यापारी हॉल गोदामासाठी मागत होता, आणि आप्पांच्या मनात त्याला होकार द्यायचं आलं होतं. मी मात्र रोज सकाळी कुणी येणार असल्यासारखी खुर्च्या पुसत होते. तो हॉल म्हणजे माझी उभी उमेद होती. तिथं सरकी पेंडीची पोती रचलेली बघायची, या विचारानंच माझं डोकं उठायचं.

मुलगी लग्न मोडल्यावर दुसऱ्याच आठवड्यात पुण्याला कामावर रुजू झाली आणि संध्याकाळी तिथल्या एका वाद्यवृंदात वाजवायला लागली. हे वेड तिला दौंडनं लावलं. शाळेत असताना तिच्या कानावर कुठंतरी व्हायोलिन पडलं आणि तिनं हट्ट धरला. दौंडच्या रेल्वे कॉलनीत एक म्हातारे सर शिकवायचे, त्यांनीच पुढं तिच्या हातात व्हायोला दिला. दर रविवारी आम्ही मायलेकी केडगावला रेल्वेत बसायचो, ती आत तारांवर गज घासत बसायची आणि मी बाहेर पायरीवर घेवडा निवडत बसायचे. मला त्यातलं काही कळत नसे. पण ती बाहेर आली की तिच्या चेहऱ्यावर जे असायचं ते मला कळायचं, आणि तेवढ्यासाठी मी घेवड्याच्या किती पिशव्या तिथं निवडल्या असतील.

तर या वाद्यवृंदानं पौषात एक महोत्सव ठरवला. फिनलंड नावाच्या देशातल्या एका संगीतकाराच्या सगळ्या सिंफनी, चार दिवसांत. सिंफनी म्हणजे काय, हे तिनं मला फोनवर समजावलं: गाणारं कुणी नाही, शब्द नाहीत, साठ-सत्तर माणसं मिळून एकच लांबलचक गोष्ट वाजवतात. या माणसानं अशा सात केल्या. आठवीही लिहिली होती म्हणे, पण मनासारखी होईना म्हणून शेवटी शेकोटीत घातली. एवढं लिहून जाळणाऱ्या माणसाबद्दल मला एकदम आपलेपणा वाटला. माझ्याही एका मुहूर्ताच्या पुरणपोळ्या मी अशाच गाईला घातल्या होत्या.

त्यांचं पुण्यातलं सभागृह दुरुस्तीला निघालं आणि ऐनवेळी त्यांना जागा मिळेना. मुलगी म्हणाली, "आई, आपला हॉल रिकामाच आहे ना?" रिकामा हा शब्द मला झोंबला, पण खोटा नव्हता.

आप्पांना विचारायला मी गेले तेव्हा ते अंगणात उन्हाला बसले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "वाजवा काय वाजवायचं त्ये. पर एक सांगतो, सूनबाई. गावातली मान्सं त्या हॉलात बसलेली दिसली पायजेत. शेवटपत्तुर बसलेली. मधीच उठली, तर माघ लागला की आपुन गोदाम करू." मी हो म्हणाले.

संक्रांत झाली आणि मंडळी बसनं आली. मागून टेंपोत पेट्या, सारंगीच्या बापासारखी उभी वाद्यं आणि दोन-तीन तांब्याचे नगारे. आमच्याकडं उतरायच्या दोनच जागा, वधूपक्ष आणि वरपक्ष, आणि दारांवर तशा पाट्या ठोकलेल्या आहेत. तारांची वाद्यं वाजवणारे वधूपक्षात उतरले आणि पितळी वाद्यांवाले वरपक्षात. पाटीचा गुण म्हणायचा की काय, वधूपक्षातली मंडळी आपापल्या अंथरुणाच्या घड्या घालून, चहाचे कप विसळून ठेवायची. वरपक्षातून मात्र सकाळी उठल्यापासून हाका सुरू: पाणी गरम नाही, चहात आलं नाही, पोहे अजून यायचेत. मी त्यांना सांगितलं, तुम्ही फक्त रुसून गाडीत बसू नका, बाकी सगळं देते. त्यांना त्यातली गोम कळली नाही. मुलगी मात्र भिंतीला टेकून पोट धरून हसली, आणि त्या हॉलमध्ये तिला हसताना बघून मला फार बरं वाटलं.

त्यांचे प्रमुख, हातात बारीक काडी घेऊन सगळ्यांना वाजवायला लावणारे, साठीच्या घरातले सडपातळ गृहस्थ होते. सगळे त्यांना नुसतं सर म्हणत. मला ताई म्हणायचे आणि भाकरी कडक लागते म्हणायचे. पाचवी सिंफनी त्यांनी मुद्दाम शेवटच्या दिवसाला ठेवली होती. कारण विचारलं तर म्हणाले, पाचवी झाल्यावर माणूस हलका होऊन घरी जातो.

पहिल्या संध्याकाळी गाव लोटलं. लोटणारच, कारण आमच्याकडं ऑर्केस्ट्रा म्हणजे जत्रेतला, दिव्यांचा, सिनेमाची गाणी म्हणणारा. पोरं पुढच्या खुर्च्या धरून बसली होती. वाजायला सुरुवात झाली, खूप वेळ वाजत राहिलं, आणि गाणारी काही येईना. मागून एकानं मला हळूच विचारलं, "वयनी, बाई कवा येनार?" मी म्हणाले, बाई येणार नाही, हेच आहे. हे त्यानं शेजाऱ्याला सांगितलं, शेजाऱ्यानं पुढच्याला, आणि थोड्याच वेळात हॉलमध्ये पुण्याहून आलेले नातेवाईक आणि एक झोपलेले माजी सरपंच एवढेच उरले.

दुसऱ्या दिवशी त्याहून कमी लोक आले. तिसऱ्या दिवशी मी दारात आडवी उभी राहिले, तर लोक बाजूच्या दारातून सटकले. वडगाव रासाईहून आमचे एक पाहुणे गाडीवर आले होते. ते करंगळी दाखवून जे लघवीला गेले ते थेट भीमा ओलांडूनच थांबले असावेत. आप्पा रोज जेवताना एकच प्रश्न विचारायचे, "बसली का मान्सं?" मी म्हणायचे, बसली होती. मग ते म्हणायचे, "शेवटपत्तुर?" आणि मी त्यांच्या ताटात भाजी वाढायची, त्यांनी नको म्हटलेलं असताना. व्यापारी सोमवारी जागा बघायला येणार होता. आता उरला होता एक रविवार.

शनिवारी रात्रीचं जेवण आटोपल्यावर मी मुलीपाशी बसले. तिला म्हणाले, तुमचा तो फिनलंडचा माणूस थोर असेल, पण त्याला हळदीकुंकवाची जोड दिल्याशिवाय भांडगाव बसायचं नाही. संक्रांतीचं वाण रथसप्तमीपर्यंत चालतंच. मी सकाळी उठून घरोघर बोलावणं केलं: संध्याकाळी हॉलवर हळदीकुंकू, आधी कार्यक्रम, मागून मसालेभात आणि जिलबी. बायका आल्या की पुरुष येतात, हे मला कुणी शिकवायला नको. दारावरच्या मावशींना मी बजावून सांगितलं, "मावशी, आज एकालाही उठू द्यायचं न्हाई. लग्नासारखी बडदास्त ठेवा." या मावशी हॉल बांधल्यापासून आमच्याकडं आहेत. दारात उभं राहून अत्तर लावणं, गुलाबपाणी शिंपडणं आणि लोकांना बसवून देणं, हे त्यांचं काम. दोन वर्षं त्यांचे हात नुसते शिवशिवत होते.

संध्याकाळी हॉल भरला. असा भरला की वाढीव खुर्च्या काढाव्या लागल्या. मी आत भाताच्या पातेल्यापाशी होते. बाहेर वाजायला लागलं तेव्हा मी म्हटलं, आता निम्मे जातील, निम्मे जिलबीसाठी थांबतील. पण बराच वेळ झाला तरी चपलांचा आवाज येईना. मी पदराला हात पुसत बाजूच्या दारात आले आणि बघितलं.

एक माणूस उठलेला नव्हता. सगळे ताठ बसले होते. म्हातारे, पोरं, लेकरं पोटाशी धरलेल्या बायका, जिलबीवाला आचारी, सगळे. क्षणभर मला वाटलं, संगीतानं जादू केली. मग माझी नजर त्यांच्या हातांवर गेली. प्रत्येकाचा उजवा हात मांडीवर होता, आणि मूठ मिटलेली.

मावशी माझ्या शेजारी येऊन अभिमानानं कुजबुजल्या, "समद्यांना दिल्या. कुंकू लावून, नीट. कुनी ऱ्हायलं न्हाई." त्यांच्या हातात अक्षतांचं रिकामं ताट होतं.

लग्नासारखी बडदास्त म्हणजे मावशींच्या लेखी हीच. लोक स्टेजकडं तोंड करून बसले, वाद्यं वाजायला लागली, की अक्षता वाटायच्या. त्यांना काय बोलणार? आणि लोकही त्यांच्याच हाताखालून गेलेले. हातात अक्षता पडल्या, आता टाकल्याशिवाय उठायचं नाही, मग समोर कुणी नवरा-नवरी असो नसो. शेवटच्या रांगेत दाराला लागून आप्पा बसले होते. मला वाटलं, माझे डोळे फसले. ते म्हणे पायरीखालून नुसते बघायला आले होते, माणसं बसलीत की नाहीत. मावशींनी पायरी उतरून जाऊन त्यांच्याही तळहातावर अक्षता ठेवल्या होत्या, आणि मग त्यांना आत येऊन बसण्यावाचून इलाज राहिला नाही.

आता मला एकच घोर लागला. या अक्षता पडणार कुठं? समोर साठ-सत्तर वाद्यं, तोंडं वर करून बसलेली. मुलीनं मला सांगितलं होतं की त्यातल्या एकेकाची काळजी पोराबाळासारखी घेतात. पहिला भाग वाढत वाढत, धावत जाऊन थांबला, तसे शेपन्नास हात वर झाले. मी दारातून डोळे वटारले आणि तळहात दाखवून खूण केली: थांबा. हात खाली आले. दुसरा भाग संपला, पुन्हा तेच. माझ्या थांबा म्हणण्यावरून लोकांनी अर्थ काढला की याची एक ठरलेली वेळ आहे, आणि ती आली की वयनी खूण करतील. ते आता माझ्याकडं डोळा ठेवून ऐकायला लागले.

आणि खरं सांगते, ऐकायला लागले. उठता येत नाही म्हटल्यावर माणूस दुसरं करणार काय? मीही तेव्हा पहिल्यांदाच ऐकलं, नाहीतर चार दिवस माझा जीव भातातच. तिसऱ्या भागात तारांची वाद्यं सुसाट धावत होती, आणि त्यांच्यावर पितळी शिंगांनी एक चाल धरली, मोठा झोपाळा संथ हलावा तशी. मुलीनं सांगितलं होतं, या माणसानं हंसांचा थवा उडताना बघितला आणि त्यावरून हे सुचलं. वडगावला नदीवर पाखरांचे थवे उतरतात ते मी लहानपणापासून बघितलेत, पण त्यांच्याबद्दल असं कुणाला काही वाटत असेल हे मला माहीत नव्हतं. माझी मुलगी मधल्या रांगेत मान कलती करून वाजवत होती. तिच्या चेहऱ्यावर ते होतं, दौंडच्या पायरीवर मी बघायची ते. माझे डोळे भरून आले आणि मी ते भरू दिले.

ते वाढत गेलं, भरत गेलं, आता छप्पर उचलतंय असं वाटलं, आणि सगळ्या वाद्यांनी मिळून एक ठोका दिला. मग एकदम शांत. सरांचे हात वरच.

मी घाबरले. आता हे टाकणार, म्हणून मी दोन्ही हात वर केले, थांबा म्हणून. लोकांनी तोच इशारा धरला. सगळ्यात आधी मावशींचा हात सुटला, आणि मग हॉलभरून अक्षता पडल्या.

दुसरा ठोका पडला. पुन्हा शांत, पुन्हा अक्षता. त्या माणसानं शेवटाला असे सहा ठोके ठेवलेत, प्रत्येकाच्या मागं एवढी जागा सोडून, की मंगलाष्टक संपल्यावर भटजी सावधान म्हणून थांबतात तेवढीच. आमच्या लोकांना आणखी सांगावं काय लागतं? त्यांनी मूठ एकदम रिकामी केली नाही. पुरवून पुरवून टाकायची सवय असते, शेवटचं अष्टक कोरडं जाऊ नये म्हणून. अक्षता नगाऱ्यांवर टणटणल्या, व्हायोलिनांवर पडल्या, हॉर्नच्या, म्हणजे त्या पितळी शिंगांच्या, कर्ण्यांत गेल्या, सरांच्या टकलावर कुंकवाचे ठिपके उमटले. मी दारात हात वर करून तशीच उभी, आणि जितकी मी हात हलवून नको म्हणत होते तितका लोकांना जोर येत होता. सहावा ठोका पडला आणि उरल्यासुरल्या अक्षता एकदम आल्या.

मग टाळ्या. आमच्याकडं अक्षता पडल्या की टाळ्या वाजतातच.

सर वळले. मला वाटलं, आता हा माणूस रडणार नाहीतर ओरडणार. त्यांनी डोक्यावरून हात फिरवला, बोटांना लागलेले तांदूळ बघितले आणि ते हसायला लागले. त्यांचं बघून वधूपक्ष हसला, मग वरपक्ष. एक हॉर्नवाला आपलं वाद्य उलटं धरून हसत हसत तांदूळ ओतत होता. सर नंतर मला म्हणाले, या ठोक्यांच्या मधल्या शांततेत कुणी चुकून टाळी वाजवेल म्हणून ते आयुष्यभर धास्तावलेले असत. तांदळाचा विचार त्यांच्या मनाला कधी शिवला नव्हता. मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं त्यांना गाठून शंका विचारली की सहाच कशी, मंगलाष्टकं आठ असतात, दोन कमी पडली. सर म्हणाले, एवढीच लिहिलीत, आता त्याला विचारायची सोय नाही.

या सगळ्या हसण्यात मी आप्पांकडं बघितलं. सगळा हॉल उभा होता, आणि ते बसले होते. त्यांची मूठ मिटलेली होती. त्यांनी एकही अक्षता टाकली नव्हती.

मग ते उठले. मधल्या वाटेनं हळूहळू स्टेजकडं निघाले. लोक बाजूला झाले, टाळ्या आपोआप कमी होत गेल्या. स्टेजच्या तीन पायऱ्या त्यांनी गुडघ्याला हात लावून चढल्या, खुर्च्यांच्या मधून वाट काढली आणि माझ्या मुलीसमोर जाऊन उभे राहिले. तिनं व्हायोला मांडीवर घेतला. आप्पांनी मूठ उघडून सगळ्या अक्षता तिच्या डोक्यावर टाकल्या, तिच्या एकटीच्या.

"ऱ्हायल्या हुत्या," ते म्हणाले.

तिनं उठून त्यांच्या पायाला हात लावला आणि त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं. मी पदर तोंडात धरून स्वयंपाकघरात पळाले. तिथं आचारी डोळे पुसत होता आणि मला सांगत होता की कांदा तिखट आहे. कांदा सकाळीच चिरून झाला होता.

जेवणं अशी झाली की जिलबी कमी पडली. बायकांनी व्हायोलिनवाल्या मुलींना हळदीकुंकू लावलं, वाण दिलं, आणि पितळी पक्षानं स्वतःहून ताटं उचलली. सोमवारी सकाळी बस निघताना मुलगी व्हायोला कानाशी धरून हलवत होती. आत एक दाणा गेला होता आणि तो काही केल्या बाहेर येईना. सरांनी सांगितलं की पुण्यात कारागिराकडून काढून घेता येईल. ती म्हणाली, बघू, आणि पेटी बंद केली.

बस गेल्यावर मी झाडू घेतला. खुर्च्यांखाली, स्टेजवर, पायऱ्यांवर, सगळीकडं गुलाबी तांदूळ. इतक्यात आप्पा आले आणि या खेपेला पायऱ्या चढून सरळ आत आले. स्टेजच्या कडेला बसले. त्यांचा फोन वाजला. पशुखाद्यवाला होता, निघतोय म्हणत होता, वाट विचारत होता.

आप्पा म्हणाले, "येऊ नगा. हॉल द्यायचा न्हाई." पलीकडून तो काहीतरी बोलला. आप्पांनी ऐकून घेतलं, जमिनीकडं बघितलं आणि म्हणाले, "न्हाई, भाड्याचं न्हाई वो. हितं अक्षता पडल्यात. त्याच्यावर पोती कशी ठेवायची?"

मी झाडू भिंतीला टेकवून ठेवला आणि आम्हा दोघांसाठी चहा टाकायला गेले.